भात साठवायला कणगी बरी की पत्र्याची कोठी?

कोकणात भाताला बुरशी धरते ती ओलाव्याने. कडुनिंबाचा किंवा निरगुडीचा पाला किडीला आवर घालतो, बुरशीला नाही. म्हणून आधी वाळवण, मग भांडे. साठवणीच्या भातात ओलावा १२-१३ टक्क्यांपेक्षा जास्त नको. काचेच्या कोरड्या बाटलीत मूठभर भात आणि चमचाभर कोरडे मीठ घालून हलवा. मीठ काचेला चिकटले तर अजून ऊन द्या.

शेणामातीने सारवलेली बांबूची कणगी श्वास घेते. थोडा ओला राहिलेला दाणाही हिवाळ्यात तिच्यात हळूहळू सुकतो. तिचे खरे दुखणे आषाढात सुरू होते: बाहेरची दमट हवा आत शिरते, आणि भिंतीकडचा व तळाचा भात आधी कुबट होतो. ती वीतभर उंच लाकडी माच्यावर, भिंतीपासून हातभर लांब ठेवा. भेगा मे महिन्यातच लिंपा. सारवण कडक वाळल्याशिवाय भात भरू नका.

कोठीत पावसाळी हवा जात नाही, पण आतला ओलावाही बाहेर पडत नाही. उन्हातला गरम भात तसाच भरला, तर रात्री पत्रा गार होऊन झाकणाखाली पाणी सुटते आणि वरचा थर काळा पडतो. भात रात्रभर घरात निववा, सकाळी लगेच काठोकाठ भरा, झाकणाची फट मेणाने बंद करा. मुसळधार पावसात ती उघडू नका.

मे महिन्यापर्यंत संपणाऱ्या भाताला कणगी पुरे. बियाणे आणि पावसाळ्याची बेगमी मात्र कोठीतच ठेवावी.