सात दिवसांची सुनावणी: विकिपीडियाच्या ‘वगळा’ चर्चेचे परीक्षण

इंग्रजी विकिपीडियावर एखाद्या लेखाच्या माथ्यावर ‘हा लेख वगळावा काय, याची चर्चा चालू आहे’ अशा अर्थाची पट्टी दिसते, तेव्हा वाचक बहुधा तिच्याकडे दुर्लक्ष करून खाली सरकतो. त्या पट्टीमागे एक पूर्ण यंत्रणा उभी आहे: तिला मुदत आहे, नियम आहेत, निकाल आहे आणि निकालाविरुद्ध दाद मागण्याची सोयही आहे. गेली काही वर्षे मी या चर्चांमध्ये अधूनमधून भाग घेत आले आहे. त्यातही माझे लक्ष अशा माणसांवरच्या लेखांकडे अधिक असते, ज्यांना इंटरनेटच्या एका आळीत सगळे ओळखतात आणि आळीबाहेर कोणीच ओळखत नाही. अशा माणसाला विश्वकोशात जागा द्यायची की नाही, हे ठरवून देणारी एक सेवा म्हणून या यंत्रणेकडे पाहिले, तर ती कुठे पुरी पडते आणि कुठे तोकडी, हे येथे मांडत आहे.

पहिल्याच पायरीवर ती गोंधळात टाकते, आणि तो दोष नावाचा आहे. इंग्रजीत जिला ‘नोटॅबिलिटी’ म्हणतात तिला आपण ‘उल्लेखनीयता’ म्हणतो, आणि हा शब्द कानावर पडताच कोणालाही वाटते की येथे कर्तृत्वाचे माप घेतले जात आहे. प्रत्यक्षात कसोटी निराळी आहे. विषयाशी हितसंबंध नसलेल्या, विश्वासार्ह स्रोतांनी त्या विषयावर पुरेशा तपशिलाने लिहिले आहे काय, एवढेच पाहिले जाते. म्हणजे ‘हा माणूस मोठा आहे का’ हा प्रश्न नसून ‘या माणसाला किंवा त्याच्या चाहत्यांना काहीही न विचारता त्याच्यावर चार परिच्छेद लिहिता येतील का’ हा प्रश्न आहे. सबस्क्रायबरची संख्या किंवा नावापुढची निळी खूण यांना या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. दहा लाख लोकांनी व्हिडिओ पाहिला, यावरून तो पाहिला गेला एवढेच सिद्ध होते. तो करणारा कुठे शिकला, त्याने इतरांहून वेगळे काय केले, त्याच्यावर झालेला आरोप खरा होता की खोटा, हे सांगणारा कोणी तरी तिऱ्हाईत लागतो.

एक चर्चा जवळून पाहण्यासारखी आहे. जुने टाइपरायटर उघडून दुरुस्त करण्याचे व्हिडिओ करणाऱ्या एका गृहस्थांवरचा लेख चर्चेला आला होता. लेख नेटका होता, तळाशी १७ संदर्भ होते, आणि तो आकडा पाहूनच मी ‘ठेवा’ असे मत नोंदवून मोकळी झाले. दुसऱ्या दिवशी एका मुरलेल्या संपादकाने त्या सतराच्या सतरा संदर्भांचा तक्ता करून चर्चेत मांडला. प्रत्येक संदर्भापुढे तीन रकाने होते: स्वतंत्र आहे का, विश्वासार्ह आहे का, तपशीलवार आहे का. तो तक्ता वरून खाली वाचत जाताना मला माझ्या मताची लाज वाटू लागली. सहा संदर्भ त्या गृहस्थांच्याच चॅनेलचे आणि समाजमाध्यमांवरच्या खात्यांचे होते, तेव्हा ते स्वतंत्र असण्याचा प्रश्नच नव्हता. चार मुलाखती होत्या. पण मुलाखतीत माणूस स्वतःविषयी स्वतःच बोलत असतो, त्यामुळे विचारणाऱ्याने आपली काही शोधाशोध त्यात घातली नसेल, तर तिला स्वतंत्र स्रोत म्हणता येत नाही. तीन याद्या ‘पाहायलाच हवीत अशी दहा चॅनेल’ या जातीच्या होत्या आणि त्यांत यांच्या वाट्याला प्रत्येकी दीड ओळ आली होती. आणखी तीन बातम्या तीन निरनिराळ्या संकेतस्थळांवरच्या होत्या, पण पहिले वाक्य तिन्हींत अक्षरशः तेच होते, आणि एकीच्या शेवटी ‘अधिक माहितीसाठी संपर्क’ ही ओळसुद्धा काढायची राहून गेली होती. आलेले प्रसिद्धिपत्रक न वाचता लावले की असे होते. उरला एकच संदर्भ. वृत्तपत्रातला तो लेख लिहिणारा वार्ताहर त्यांच्या दुरुस्तीच्या टेबलाशी जाऊन बसला होता, दोन गिऱ्हाइकांशी बोलला होता, आणि कडक झालेला रबरी रूळ ते कसा बदलतात याचे त्याने तीन परिच्छेदांत वर्णन केले होते.

हा तक्ता म्हणजे या सेवेतली सर्वांत मोलाची वस्तू आहे, असे माझे मत आहे. सतरा दुवे एकेक करून उघडायचे, ते वाचायचे, कोणी कोणाची नक्कल केली आहे ते शोधायचे, हे काम कंटाळवाणे असते आणि त्याचा मोबदला कोणालाही मिळत नाही. तरीही कोणी अनोळखी माणूस आपल्या रात्रीचा तास खर्च करून ते करतो, आणि ते सर्वांसमोर करतो, जेणेकरून त्याचे चुकले असेल तर दुसऱ्याला दाखवता यावे. अर्थात प्रत्येक चर्चेच्या नशिबी असा तक्ता नसतो.

चर्चा किमान सात दिवस चालते. पुरेसे लोक फिरकले नाहीत तर मुदत वाढवली जाते, सहसा दोनदाच. २००५ पर्यंत या पानाच्या नावातच ‘मते’ हा शब्द होता. त्या वर्षी नाव बदलले आणि तो गेला, हे बरेच झाले, कारण येथे हात मोजायचे नसून युक्तिवाद तोलायचे असतात. चाहत्यांनी एकाच दिवशी खाती उघडून ‘ठेवा, ठेवा’ म्हणून रांग लावली, तर चर्चा बंद करणारा प्रचालक (विशेष अधिकार असलेला संपादक) त्या रांगेला फारशी किंमत देत नाही. निकालही ठेवा किंवा वगळा या दोनच टोकांचा नसतो. मजकूर दुसऱ्या लेखात विलीन करता येतो, नाव दुसऱ्या लेखाकडे वळवता (पुनर्निर्देशित करता) येते किंवा लेख मसुदा म्हणून परत पाठवता येतो. कशावरही सहमती झाली नाही, तर सामान्यतः लेख राहतो. कमतरता उपस्थितीची आहे. अनेक चर्चांत तिघे-चौघेच बोलतात, आणि त्यांतला एक माझ्यासारखा आकडा पाहून मत देणारा असला, तर निकालावर कितपत भरवसा ठेवायचा हा प्रश्न उरतो. शिवाय बोलणारे सगळे नियमांच्या इंग्रजी आद्याक्षरांत बोलतात. ज्याच्या लेखावर चर्चा चालू आहे, त्या नवख्या लेखकाला आपण कोणत्या कलमाखाली हरलो, हे समजायलाच दोन दिवस लागतात.

पण या कसोटीचा सर्वांत मोठा लाभ ज्याला नकार मिळतो त्यालाच होतो, ही गोष्ट मला फार उशिरा कळली. लहान माणसावरच्या पानावर लक्ष ठेवणारे कोणी नसते. मे २००५ मध्ये जॉन सीगनथेलर या ज्येष्ठ अमेरिकी पत्रकाराविषयीच्या पानावर कोणी तरी लिहून ठेवले की केनेडी बंधूंच्या हत्यांमध्ये त्यांचा हात असल्याचा संशय होता. ते धादांत खोटे होते, तरीही सुमारे चार महिने तसेच राहिले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात खाते नसलेल्यांना नवी पाने सुरू करण्यास बंदी झाली, आणि हयात व्यक्तींच्या चरित्रांसाठीचे कडक धोरण याच प्रकरणातून पुढे आले. सीगनथेलर यांना वृत्तपत्रात लेख लिहून जाब विचारता आला. टाइपरायटर दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांच्या पानावर असेच कोणी काही लिहिले असते, तर ते किती दिवस राहिले असते आणि त्यांनी कोणाकडे दाद मागितली असती? म्हणूनच एखादा माणूस केवळ एका घटनेमुळे, बहुधा एका फजितीमुळे, आठवडाभर सर्वांच्या तोंडी आला, तर त्याच्या नावाने स्वतंत्र चरित्र लिहू नये असा संकेत आहे. आणखी एक तरतूद मला विशेष शहाणपणाची वाटते: फारशी प्रसिद्ध नसलेली व्यक्ती स्वतःच ‘माझ्यावरचा लेख काढा’ म्हणत असेल आणि चर्चेत सहमती होत नसेल, तर लेख वगळण्याच्या बाजूने निकाल देता येतो. सहमती नसेल तर लेख राहतो, हा वर सांगितलेला शिरस्ता येथे उलटा फिरवता येतो.

आता दुसरी बाजू. स्रोत मोजून निकाल देणारी यंत्रणा स्रोतांचे आंधळेपणही सोबत घेऊन चालते. २ ऑक्टोबर २०१८ रोजी डॉना स्ट्रिकलँड यांना भौतिकशास्त्राचे नोबेल जाहीर झाले, तेव्हा त्यांच्यावर इंग्रजी विकिपीडियावर लेख नव्हता. त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्यांच्यावरचा मसुदा स्वतंत्र संदर्भ पुरेसे नाहीत म्हणून परत पाठवला गेला होता. ज्याने तो परत पाठवला त्याने समोरच्या कागदांपुरता नियम पाळला. मसुद्यातले संदर्भ खरोखरच तोकडे होते. पण कसोटी मसुद्यात काय आहे हे पाहायला सांगत नाही, जगात काय लिहिले गेले आहे हे पाहायला सांगते, आणि ते शोधण्याइतका वेळ स्वयंसेवकाकडे क्वचितच असतो. आता इंटरनेटवरच्या लहान प्रसिद्धांची गोष्ट घ्या. ज्या विषयांकडे पत्रकारांचे लक्ष असते, त्यांतली मध्यम दर्जाची माणसेही सहज पार होतात, आणि ज्यांचे प्रेक्षक मुले, गृहिणी किंवा एखाद्या अडगळीतल्या छंदाचे शौकीन असतात, ती दहापट लोकप्रिय असूनही अडकतात.

लेखाला असा भाव आला की त्याच्याभोवती बाजार भरणारच. ऑगस्ट २०१५ च्या शेवटी इंग्रजी विकिपीडियावर एकाच टोळीची ३८१ खाती बंद करण्यात आली; हे प्रकरण ‘ऑरेंजमूडी’ या नावाने ओळखले जाते. त्यांची पद्धत अशी की परत गेलेले मसुदे आणि वगळलेले लेख शोधायचे, संबंधित व्यवसायाला किंवा कलाकाराला गाठायचे, पैसे घेऊन लेख चढवायचा आणि मग तो टिकवून ठेवण्यासाठी पुन्हा पैसे मागायचे. पैसे घेऊन संपादन करणाऱ्याने ते उघड केले पाहिजे, अशी अट २०१४ पासून वापराच्या नियमांतच आहे. तेव्हा ‘खात्रीने पान बनवून देतो’ असे कोणी सांगत असेल, तर तो जी खात्री विकतो आहे ती त्याच्या हातात नाही, एवढे ध्यानात ठेवावे. चर्चा कोणीही सुरू करू शकतो, आणि पान विकत घेतले गेले आहे असा वास आला की ती लवकरच सुरू होते.

पर्याय आहेत, पण प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. २०१२ मध्ये सुरू झालेल्या विकिडेटावर (विकिपीडियाच्याच कुटुंबातला माहितीसाठा) नोंदीची अट बरीच सैल आहे, मात्र तेथे गद्य नसते, तथ्यांच्या जोड्या असतात. इंटरनेटवरच्या मीमची आणि लाटांची नोंद ठेवणारे ‘नो युअर मीम’ याच आळीसाठी बनलेले आहे, आणि एखादी लाट कुठून उठली हे पाहायचे असेल तर मी आधी तिकडेच जाते. चाहत्यांचे विकी तपशिलाने ओसंडतात, पण तेथे तिऱ्हाईत शोधणे व्यर्थ.

टाइपरायटरच्या चर्चेचा निकाल आठव्या दिवशी लागला: लेख विश्वकोशातून काढून मसुदा म्हणून लेखकाकडे परत. मी त्याआधी माझे मत खोडून ‘मसुदा करा’ असे लिहिले होते. निकाल योग्य होता, आणि यंत्रणेला मी पाचपैकी चार गुण देईन. एक गुण कापण्याचे कारण असे की लेख वगळला गेला की त्याचा मजकूर प्रचालकांखेरीज कोणाला दिसत नाही, पण चर्चेचे पान मात्र कायम राहते. शोधयंत्रांना ते वर्ज्य केलेले असले, तरी पत्ता ठाऊक असणारा कोणीही ते वाचू शकतो, आणि बंद झालेल्या चर्चेत बदल करायचा नाही असे वर ठळक लिहिलेले असते. मत बदलताना मी त्याला जोडून एक वाक्य टाकले होते: ‘या गृहस्थांना ओळखते तरी कोण?’ ते अजून तेथेच आहे, खाली माझी सही आणि तारखेसह.