लॉ फर्मसाठी वेबसाइट आणि ऑनलाइन मार्केटिंगचं पॅकेज: साइट एक नंबर, मार्केटिंगपासून सांभाळून

वकिलांच्या ऑफिसला मोबाईल फ्रेंडली वेबसाइट आणि ऑनलाइन मार्केटिंग एकत्र विकणाऱ्या एजन्सी हल्ली खूप झाल्यात, त्यातल्याच एकीचं पॅकेज आमच्या फर्मने घेतलंय आणि ते सांभाळायचं काम माझ्याकडे आहे, म्हणून हा रिव्ह्यू. एजन्सीचं नाव टाकत नाहीये कारण रिन्यूअलचं बोलणं अजून चालूय, आणि तसंही मी जे लिहितेय ते या धंद्यातल्या बऱ्याच जणांना लागू पडेल. आधीच सांगून टाकते, साइटचं काम यांनी मनापासून केलंय, त्यासाठी डोळे मिटून शिफारस करीन. मार्केटिंगचं काम मात्र वकिलाकडे येणारा माणूस कोणत्या परिस्थितीत येतो याचा विचारच न करता केलंय, आणि त्यातल्या काही गोष्टी नुसत्या निरुपयोगी नाहीत तर चक्क धोक्याच्या आहेत.

कारण बघा, लॉ फर्मची साइट कोणी टाइमपास म्हणून उघडत नाही. हातात नोटीस पडलेली असते, नाहीतर घरातल्या कोणाला तरी पोलिसांनी नेलेलं असतं, नाहीतर संसार मोडायच्या बेतात असतो, आणि माणूस हातातल्या फोनवरच शोधायला लागतो, बऱ्याचदा रात्री, बऱ्याचदा घरच्यांपासून लपून. त्याला एवढंच कळायला हवं असतं की हे माझं काम घेतात का, आत्ता फोन कुठे करू, आणि मी इथे येऊन गेलो हे कोणाला कळणार तर नाही ना. हा तिसरा प्रश्न तो कोणाला विचारत नाही पण मनात तोच सगळ्यात मोठा असतो.

आमची जुनी साइट कंप्युटरवर छान दिसायची, तराजू, हातोडा, जाडजूड पुस्तकांचं कपाट, सगळं होतं. मोबाईलवर उघडली की आधी ती कपाटं लोड होत बसायची आणि फोन नंबर होता बॅनरच्या फोटोत, म्हणजे त्यावर बोट ठेवून कॉल लागत नाही, कॉपीही होत नाही, कागदावर उतरवून घ्या आणि मग लावा. मोबाईलसाठी वेगळी छोटी साइट पण होती आणि तिच्यात अर्धी पानं गायब, कारण कोणीतरी ठरवलं होतं की मोबाईलवाल्याला एवढं वाचायचं नसतं. आता हे नुसतं गैरसोयीचं नाही, गूगलने मोबाईलवर नीट न चालणाऱ्या पानांना मोबाईल सर्चमध्ये मागे टाकायला एप्रिल २०१५ मध्येच सुरुवात केली, नंतर २०१६ मध्ये जाहीर केलं की साइट पारखताना तिचं मोबाईलवरचं रूपच धरणार, आणि हे टप्प्याटप्प्याने करत ऑक्टोबर २०२३ मध्ये पूर्ण झाल्याचं सांगितलं. म्हणजे मोबाईल साइटवर जे पान नाही ते गूगलच्या लेखी जवळपास नाहीच. आमचं वारसाहक्काच्या कामाचं पान असंच अनेक वर्षं असून नसल्यासारखं होतं.

नवीन साइट रिस्पॉन्सिव्ह आहे, म्हणजे पान एकच, पत्ता एकच, स्क्रीनच्या रुंदीप्रमाणे मांडणी बदलते. ही पद्धत ईथन मार्कोट या डिझायनरने २०१० मध्ये मांडली, त्यामुळे यात नवीन काही नाही, पण नीट केलेली साइट आणि कशीतरी दाबून बसवलेली साइट यात फरक असतो आणि इथे तो दिसतो. उदाहरणार्थ कॉलचं बटण. स्क्रीनच्या तळाला एक पट्टी आहे, अंगठा जिथे सहज पोचतो तिथे, त्यावर "फोन करा", आणि दाबलं की थेट डायलर उघडतो. ऑफिस बंद असण्याच्या वेळेत तीच पट्टी "आम्ही कधी फोन करू?" असं विचारते. बटणं मोठी आहेत. (ॲपलची शिफारस ४४ पॉइंटची आहे, अँड्रॉइडची ४८ डीपीची, ही स्क्रीनवरची मापं आहेत, बऱ्याच साइटवर मेनूच्या लिंक याच्या निम्म्याही नसतात आणि थरथरत्या हाताने भलतंच दाबलं जातं.) अक्षरांचा आणि मागच्या रंगाचा कॉन्ट्रास्ट त्यांनी मोजून घेतला, ॲक्सेसिबिलिटीच्या डब्ल्यूसीएजी नियमांत नेहमीच्या मजकुरासाठी निदान ४.५ ला १ लागतो, आणि आमच्या सिनियर मॅडमना आवडणारा सोनेरी रंग पांढऱ्यावर त्यात बसेना, तर एजन्सीच्या मुलीने मॅडमनाच बाहेर उन्हात फोन धरायला सांगितला. मॅडमनी स्वतःच रंग बदलला. अशी माणसं मला आवडतात.

मराठी पानांसाठी सुद्धा त्यांनी वेगळी मेहनत घेतली हे मुद्दाम लिहिते. इंग्रजीसाठी ठेवलेलं ओळींमधलं अंतर देवनागरीला पुरत नाही, वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार एकमेकांत घुसतात, आणि हेडिंगमध्ये तर मात्रा वरून कापलेली दिसते. यांनी दोन्ही लिप्यांना वेगळं अंतर दिलं आणि फॉन्टच्या फाइलमधून लागणारी अक्षरं तेवढीच ठेवली, म्हणून पान हलकं राहिलं.

पण माझ्या मते या साइटची सगळ्यात चांगली गोष्ट तिचा फॉर्म. नाव, फोन नंबर, कामाचा प्रकार, कधी फोन केला तर चालेल, आणि "व्हॉइस मेसेज ठेवला तर चालेल का" असा एक प्रश्न, संपलं. नंबरच्या रकान्यावर टॅप केलं की आकड्यांचाच कीबोर्ड येतो, आणि अक्षरं १६ पिक्सेलची ठेवलीत कारण त्याहून लहान असली की आयफोनवर पान आपोआप झूम होऊन सरकतं आणि माणूस गोंधळतो. "तुमची केस सविस्तर लिहा" असा मोठा डबा त्यात नाही. तो बहुतेक सगळ्या साइटवर असतो आणि लॉ फर्मला तोच नको असतो, कारण समोरचा माणूस सगळं भडाभडा लिहून पाठवतो आणि नंतर कळतं की त्याचा विरोधी पक्ष आधीपासून आपला अशील आहे, मग त्या माहितीचं करायचं काय? फॉर्मच्या वरच साध्या भाषेत लिहिलंय की कागदपत्रं इथे पाठवू नका आणि फॉर्म भरला म्हणजे आम्ही तुमचे वकील झालो असं होत नाही. हे तळाशी बारीक अक्षरात नाहीये, बटणाच्या आधी आहे.

स्पीडबद्दल थोडं. गूगलचे कोअर वेब व्हायटल्स म्हणून तीन आकडे आहेत, पानातला मोठा भाग अडीच सेकंदात दिसावा, टॅप केल्यावर २०० मिलिसेकंदांत हालचाल व्हावी (हे माप मार्च २०२४ पासून आलंय), आणि पान लोड होताना उड्या मारू नये, त्याचा आकडा ०.१ च्या आत हवा. शेवटचं महत्त्वाचं, कारण "फोन करा" दाबायला जावं आणि वरून कुकीची पट्टी घुसून बोट दुसरीकडेच पडावं असं होतं ना, ते यातलंच. एजन्सी दर महिन्याला पेजस्पीड या गूगलच्या स्पीड तपासायच्या टूलचा हिरवा नव्वदीतला स्कोअर पाठवते आणि तो खोटा नाही, पण तो टेस्टच्या मशीनवरचा आहे. खऱ्या वापरणाऱ्यांचे आकडे गूगल मागच्या २८ दिवसांचे देतं आणि आमच्यासारख्या कमी गर्दीच्या साइटला तेवढा डेटाच नसतो. म्हणून मी ऑफिसातल्या क्लर्कच्या जुन्या अँड्रॉइडवर, लिफ्टजवळ जिथे रेंज एकच कांडी असते तिथे उभं राहून बघते, आणि तिथेही साइट पटकन उघडते. माझ्यासाठी खरी परीक्षा तीच.

आता मार्केटिंगकडे येते.

पहिल्याच महिन्यात माझ्या लक्षात आलं की साइटवर एका सोशल मीडिया कंपनीचा पिक्सेल, म्हणजे कोणी कोणतं पान बघितलं ते त्या कंपनीला कळवणारा कोडचा तुकडा, टाकलाय, फॉर्मच्या पानासकट सगळीकडे. विचारलं तर उत्तर आलं, रीटार्गेटिंगसाठी, म्हणजे जो साइटवर येऊन गेला त्याला पुढचे कित्येक दिवस आपली जाहिरात दिसत राहील, सगळे क्लायंट करतात. पण जरा विचार करा, एखादी बाई घरातल्या सामाईक फोनवर घटस्फोटाचं पान वाचून हिस्टरी पुसून फोन जागेवर ठेवते, आणि संध्याकाळी तोच फोन नवऱ्याच्या हातात असताना त्यावर घटस्फोटाच्या वकिलाची जाहिरात येते. पिक्सेल पानाचा पत्ता त्या कंपनीला पाठवतो, आणि आमच्या पानाच्या पत्त्यातच विषय लिहिलेला असतो, म्हणजे कोणी काही टाइप न करता सुद्धा माहिती गेली. गूगलने तर स्वतःच्या पर्सनलाइज्ड जाहिरातींच्या नियमांत घटस्फोटासारख्या वैयक्तिक अडचणी आणि गुन्ह्यांशी संबंधित सेवा संवेदनशील धरल्यात, त्यावरून माणसांना टार्गेट करायला मनाई आहे. जो धंदाच मुळात विश्वासावर चालतो त्याच्या साइटवर ही गोष्ट न विचारता बसवणं मला अजिबात पटलं नाही, आम्ही त्याच दिवशी काढायला लावला, आणि याबद्दलचे मार्क मी कापणारच.

दुसरं, गूगलवरच्या बिझनेस प्रोफाइलमध्ये (सर्चमध्ये आणि मॅपवर फर्मचं नाव, नंबर, रिव्ह्यू दिसतात ते) फर्मच्या नावापुढे परस्पर "बेस्ट घटस्फोट व फौजदारी वकील" जोडून टाकलं. गूगलचा नियम आहे की पाटीवर जे नाव आहे तेच प्रोफाइलला हवं, शेपूट जोडलं तर प्रोफाइल सस्पेंड होऊ शकतं, आणि "बेस्ट" हा शब्द तर वकिलांच्या आचारसंहितेतच अडकतो. जाहिरातीचे नियम देशादेशात वेगळे आहेत, अमेरिकेत सुप्रीम कोर्टाने १९७७ मध्ये बेट्स खटल्यात वकिलांना जाहिरातीची मोकळीक दिली तरी दिशाभूल करणारा दावा चालत नाही, भारतात बार कौन्सिलचा नियम ३६ जाहिरातीला मनाई करतो आणि २००८ च्या दुरुस्तीनंतर वेबसाइटवर नाव, पत्ता, नोंदणी, शिक्षण, कामाचं क्षेत्र अशी ठराविक माहिती देता येते. जी एजन्सी "लॉ फर्म स्पेशालिस्ट" म्हणवते तिला आपण कोणत्या नियमाखाली काम करतोय हे आधी माहीत पाहिजे, आणि तुम्ही जिथे असाल तिथला नियम तुम्ही त्यांना लेखी द्या, ते विचारायची वाट बघू नका. कारवाई झाली तर सनद आपली जाते, एजन्सीचं काही जात नाही.

रिव्ह्यूंचं पण तसंच. वाईट रिव्ह्यू आला की लगेच उत्तर द्यायची त्यांची ठरलेली पद्धत आहे, हॉटेलला ठीक आहे, पण इथे "तुम्ही कागदपत्रं वेळेत दिली नाहीत म्हणून दावा लांबला" असं उत्तराचं ड्राफ्ट माझ्याकडे मंजुरीला आलं! म्हणजे अशिलाची गोपनीय गोष्ट आपणच जगासमोर मांडायची. अमेरिकन बार असोसिएशन या तिकडच्या वकिलांच्या संघटनेने जानेवारी २०२१ च्या ४९६ नंबरच्या मतात हेच स्पष्ट केलंय, ऑनलाइन टीकेला उत्तर देताना अशिलाची माहिती उघड करता येत नाही, गप्प बसणं नाहीतर समोरच्याला फोनवर बोलायला सांगणं बरं. मी ड्राफ्ट परत पाठवलं आणि कळवलं की रिव्ह्यूंना उत्तरं आम्हीच देऊ.

लेखांबद्दल फार लिहीत नाही. साइटवर टाकायला एजन्सीकडून आठवड्याला ठराविक लेख येतात, सगळ्यांची सुरुवात सारखीच, आणि एका लेखात तर रद्द झालेला कायदा चालू असल्यासारखा सांगितला होता. नुसता सर्चसाठी ढीगभर मजकूर छापणं गूगलने मार्च २०२४ पासून स्पॅममध्येच धरलंय. आमच्या ज्युनियरने फोनवर लोक नेहमी विचारतात त्या प्रश्नांची साध्या भाषेत उत्तरं लिहिली, समन्स घ्यायला नकार दिला तर काय होतं वगैरे, ती पानं लोक खरंच वाचून येतात आणि आल्यावर सांगतातही की अमुक वाचलं म्हणून आलो.

आणि एक गोष्ट पॅकेज घेणाऱ्या प्रत्येकाने तपासा. डोमेन आमच्या नावावर आहे, लॉगिनही आमच्याकडे आहेत, त्यात एजन्सी सरळ वागली. पण कोणता कॉल कुठून आला हे मोजायला त्यांनी साइटवर आणि प्रोफाइलवर स्वतःचा ट्रॅकिंग नंबर टाकला, जो आमच्या नंबरवर फॉरवर्ड होतो. करार संपला की तो नंबर त्यांच्याकडे राहणार, म्हणजे वर्षभर ज्यांनी तो फोनमध्ये सेव्ह केला त्यांचे कॉल कुठे जातील ते आमच्या हातात नाही. शिवाय कॉल रेकॉर्डिंग डिफॉल्ट चालू होतं. वकिलाशी बोललेला पहिला फोन एका मार्केटिंग कंपनीच्या सर्व्हरवर साठतोय, आणि बोलणाऱ्याला पत्ताच नाही. हे बंद करून जुनी रेकॉर्डिंग पुसल्याचं मी मेलवर लेखी घेतलंय, तुमच्याकडे असं पॅकेज असेल तर आजच सेटिंग उघडून बघा.

स्टार द्यायचे तर साइटला पाचपैकी साडेचार, अर्धा कापला कारण चॅटचा गोल आयकॉन छोट्या स्क्रीनवर "फोन करा" च्या कोपऱ्यावर चढतो आणि तो अजून सरकवलेला नाही. सपोर्टला चार, फोन उचलतात आणि सांगितलेलं करतात, हे पण खरं. मार्केटिंगला दीड. रिन्यूअलमध्ये आम्ही साइटची देखभाल आणि स्पीडचं काम तेवढंच ठेवायचं म्हणतोय, ट्रॅकिंग नंबर आमच्या नावावर करून मागितलाय, आणि आमच्या लेखी परवानगीशिवाय साइटवर कुठलाही पिक्सेल, चॅट किंवा रेकॉर्डिंग बसवायचं नाही असा क्लॉज मॅडमनी स्वतः लिहून दिलाय. त्यावर त्यांचं उत्तर आलं की इथेच अपडेट करते.