तलावाकाठी ड्रेनेज लाइन घ्यायची, की आपली टाकीच ठेवायची?

तलावाकाठच्या वस्तीत ड्रेनेज लाइनचा विषय निघाला की बैठकीत तीन तट पडतात. बंगलेवाले म्हणतात, ‘आमची सेप्टिक टाकी इतकी वर्षं चाललीय, रस्ता कशाला खणताय?’ मोठ्या सोसायटीची कमिटी म्हणते, ‘बिल्डरनं एसटीपी (सोसायटीपुरतं सांडपाणी शुद्धीकरण केंद्र) दिलाय, दोनदा पैसे का भरायचे?’ गावठाणातली मंडळी म्हणतात, ‘आधी प्यायला धड पाणी द्या.’ 2021 मध्ये पुणे महापालिकेत 23 गावं आली. त्यातल्या खडकवासला, नांदेड किंवा जांभूळवाडीच्या बाजूला राहत असाल, तर हात वर करण्याआधी टाकी, एसटीपी आणि लाइन हे तिन्ही पर्याय शेजारीशेजारी मांडून बघा.

सेप्टिक टँक स्वस्त, यात वाद नाही. दोन-तीन वर्षांनी मैला उपसायची गाडी बोलावली की भागतं. (माणूस आत उतरवायचा नाही. 2013 पासून तो कायद्यानं गुन्हा आहे, आणि जीव गेला तर 30 लाखांची भरपाई सर्वोच्च न्यायालयानं 2023 मध्ये ठरवून दिलीय.) पण टाकी मैला फक्त खाली बसवते. वरचं पाणी बरीचशी घाण घेऊनच शोषखड्ड्यात उतरतं आणि पुढचं काम जमिनीवर सोपवलेलं असतं. आपली जमीन म्हणजे वर काळी माती किंवा मुरूम, खाली काळा पाषाण. भिजून फुगलेली काळी माती पाणी आत घेत नाही, आणि पाषाणाच्या भेगा ते न गाळताच पुढे नेतात. पुढे, उताराच्या टोकाला, तलाव. शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून किमान 18 मीटर लांब हवा, असं मानक सांगतं. चौकोनी गुंठ्याची बाजू जेमतेम दहा मीटर. शेजाऱ्याची बोअर धरून हे अंतर कोणाच्या प्लॉटवर बसतं, ते टेप लावून बघाच.

म्हणून गावठाणाचं म्हणणं मला सर्वांत वजनदार वाटतं. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराचे) रुग्ण वाढले, तेव्हा पहिली तपासणी विहिरींची आणि नळांचीच झाली. पिण्याचं पाणी आणि मैलापाणी हे दोन वेगळे विषय आहेत, असं या भागात तरी कुणी म्हणू नये.

सोसायटीचा एसटीपी म्हणजे दारातली दुभती म्हैस: रोज वैरण घातली तर दूध. साठ फ्लॅट, घरटी चार माणसं, माणशी 135 लिटर पाणी आणि त्यातलं 80 टक्के सांडपाणी धरलं, तर दिवसाला सुमारे 26 हजार लिटर होतं. एवढं पाणी फ्लशला आणि बागेला परत मिळालं तर टँकरचं बिल नक्की उतरतं. पण वीज वाचवायला रात्री टाकीत हवा सोडणारा ब्लोअर बंद केला की हवेविना जिवाणू मरतात, आणि सकाळी वास सगळ्या मजल्यांवर पोचतो. शिवाय पावसाळ्यात बागेला पाणी नको असतं. तेव्हाचं जास्तीचं पाणी सोडणार कुठे? ओढ्यात सोडायचं नसेल तर लाइन लागतेच. वीस-पंचवीस फ्लॅटच्या सोसायटीला ऑपरेटरचा पगारच जड जातो.

आता लाइन. ती उतारानं वाहते, आणि तलावाकाठी उताराचा तळ म्हणजे तलावच. त्यामुळे तिथून मैलापाणी पंपानं वर चढवावं लागतं. वीज गेली, जनरेटर चालला नाही, की इतके दिवस शंभर टाक्यांत विखुरलेली घाण एकाच ठिकाणाहून थेट तलावात. लाइन ओढ्याकाठून नेणार असतील तर चेंबरची झाकणं पुराच्या पातळीच्या वर आहेत का, हे विचारा. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री कात्रजहून येणारा आंबिल ओढा किती चढला, ते सहकारनगरकडच्या कोणालाही विचारता येईल. गच्चीचं पावसाचं पाणी गुपचूप ड्रेनेजला जोडणारे महाभाग प्रत्येक गल्लीत असतात. पावसाळ्यात चेंबर भरून वाहतात ते बहुधा त्यांच्यामुळे.

सगळ्यांत मोठा प्रश्न लाइनच्या दुसऱ्या टोकाचा. शहरासाठी जपानच्या कर्जातून 11 शुद्धीकरण केंद्रं, मिळून दिवसाला 396 दशलक्ष लिटर क्षमतेची, ठरली. कर्जाचा करार 2016 चा, कामं मात्र वर्षानुवर्षं लांबली. पाइप लवकर पुरले जातात, केंद्र मागे राहतं. वरच्या गावांचं सांडपाणी रामनदीतून येऊन पाषाण तलावावर जलपर्णी माजते, तसं आपलं पाणी खालच्या कुणाच्या तरी दारात जायला नको.

तेव्हा माझं मत असं. बंगले, गुंठेवारीतली घरं आणि छोट्या सोसायट्या यांनी लाइनच्या बाजूनं मत द्यावं. एसटीपी नीट चालवणाऱ्या सोसायटीनं तो बंद न करता फक्त जास्तीचं पाणी लाइनला जोडावं. आणि ठरावात दोन ओळी लिहून घ्याव्यात: पंपिंग स्टेशनला पर्यायी वीज असल्याशिवाय आणि केंद्र सुरू झाल्याशिवाय एकही घर जोडायचं नाही, घरापासून चेंबरपर्यंतचा खर्च कोणाचा आणि किती, ते आधी कळवायचं. जोड मिळाल्यावर जुनी टाकी उपसून मुरमानं भरून टाका, नाहीतर तिथे डास होतात.