कृतज्ञतेचा संच: वह्या कपाटात, कार्डं हातात

मुलांना आभार मानायला शिकवण्याचा एक तयार संच मी सत्रभर तिसरीच्या वर्गावर वापरून पाहिला. खोक्यात चाळीस पातळ वह्या, भिंतीवर लावायचं कागदी झाड, त्याची पानं, चांदण्यांच्या स्टिकरचे ताव, चोवीस प्रश्नकार्डं आणि शिक्षकांसाठी बारा पानी पुस्तिका. झाडाबद्दल आधी सांगून मोकळी होते: दिसायला देखणं, पण गोंद कच्चा. दर सोमवारी निम्मी पानं जमिनीवर. मुलांनीच त्याला ‘पानगळ’ म्हणायला सुरुवात केली.

संचाचा खरा भर वह्यांवर आहे आणि माझं भांडणही वह्यांशीच आहे. रोज एक पान, पानावर तीनदा तेच वाक्य: ‘आज मी ____ चे आभार मानतो/मानते, कारण ____.’ हे ‘चे’ छापणाऱ्याने मराठीत एकदा तरी वाक्य बोलून पाहायला हवं होतं. ‘आई चे’ कसंबसं चालून जातं, पण ‘पाऊस चे’, ‘मैत्रीण चे’, ‘झाड चे’? मी आठवडाभर लाल पेनाने ‘पावसाचे’, ‘मैत्रिणीचे’ करत बसले. आभार बाजूला राहिले, व्याकरणाचा तास झाला. मुखपृष्ठावरचा ‘कृतज्ञ’ हा शब्द तर चौघांनी चार तऱ्हांनी लिहिला. शेवटी मी तो सोडलाच आणि ‘जाण’ म्हणायला लागले. ‘कोणी काय केलं त्याची जाण ठेवायची,’ एवढं सगळ्यांना कळलं.

पहिले आठ-दहा दिवस उत्साह होता. तिसऱ्या आठवड्यात सगळ्या वह्यांत आई, बाबा, बाई. क्रमसुद्धा तोच. पान भरलं की चांदणी, अशी पुस्तिकेतली सूचना, त्यामुळे तिघेजण मधल्या सुट्टीत पुढच्या पाच दिवसांची पानं उरकून ठेवताना सापडले. त्यांना रागवायचं तरी कशाला? काम तेच दिलं होतं. स्टिकरचे ताव मी त्या दिवशी कुलपात टाकले.

पुस्तिकेने मानसशास्त्रज्ञ जेफ्री फ्रो आणि सहकाऱ्यांच्या २००८च्या अभ्यासाचा आधार घेतलाय. अभ्यास खरा आहे: ११ वर्ग, २२१ विद्यार्थी, आणि ज्यांनी रोज आभाराच्या गोष्टी लिहिल्या त्यांना शाळा अधिक आवडू लागल्याचं आढळलं. पण ती मुलं सहावी-सातवीतली होती आणि लिहायचं होतं फक्त दोन आठवडे. त्यावरून आठ वर्षांच्या पोरांना अख्खं सत्र रोज लिहायला लावणं म्हणजे औषधाची बाटली एका दमात रिकामी करण्यातला प्रकार. मानसशास्त्रज्ञ सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या सहा आठवड्यांच्या प्रयोगात, २००५ साली, आठवड्यातून एकदा आभाराच्या गोष्टींची यादी करणाऱ्यांना फायदा दिसला, तीनदा करणाऱ्यांना नाही. ते प्रौढ होते हे मान्य, पण मी वही शुक्रवारवर आणली ती हे वाचूनच. निम्मा कंटाळा तिथेच गेला.

आता कार्डं. खोक्याच्या तळाशी, प्लॅस्टिकच्या पाकिटात, पुस्तिकेत त्यांना जेमतेम अर्धं पान. आणि सगळ्या खोक्यात कामाची वस्तू हीच. प्रत्येक कार्डावर तीनच प्रश्न फिरवून फिरवून येतात: त्यांनी हे मुद्दाम केलं का? त्यासाठी त्यांना काय सोडावं लागलं? तुझं त्यामुळे काय झालं? हेतू, झळ आणि लाभ. फ्रो यांच्याच गटाने २०१४ साली आठ ते अकरा वर्षांच्या मुलांना नेमकं हेच शिकवून पाहिलं होतं. म्हणजे माझ्या वर्गाच्या वयाला साजेसा अभ्यास हा होता, आणि पुस्तिकेत त्याचा उल्लेखही नाही.

एका मुलाने वहीत लिहिलं होतं, ‘आज मी खिडकी चे आभार मानतो, कारण हवा येते.’ वर्ग हसला. मी कार्ड काढलं आणि विचारलं, खिडकीने हे मुद्दाम केलं का?

‘नाही बाई. ती मामांनी उघडली.’

मामा म्हणजे आमचे शाळेचे शिपाई. मग मामांना काय सोडावं लागलं? कोणालाच माहीत नव्हतं. दोघींना विचारायला पाठवलं. परत आल्या त्या धापा टाकत: मामा शाळा भरायच्या तासभर आधी येतात, छप्पन्न खिडक्या उघडतात, आणि आमच्या वर्गातली तिसरी अडकते म्हणून तिला खांदा लावावा लागतो. मी त्या वर्गात चार वर्षं बसतेय. मला ती अडकते हेही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाने मामांना स्वतःची चमचमणारी पेन्सिल नेऊन दिली. मामा गोंधळले, पण घेतली. मानसशास्त्रज्ञ फ्रान्झिस्का बाउमगार्टेन-ट्रामर यांनी १९३८ सालीच हे टिपून ठेवलंय: या वयाची मुलं परतफेड म्हणून स्वतःला आवडणारी वस्तू देतात, समोरच्याला काय हवंय हा विचार नंतर येतो. माझ्याकडे तो ‘नंतर’ चार दिवसांतच आला. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘पेन्सिल मामांना काय करायची? आपण जाताना आपल्या खिडक्या लावून जाऊ.’

‘थँक्यू म्हण’ असं पाठीत कोपर मारून म्हणवून घेण्याची सवय मलाही होती. कार्डांनंतर ती कमी झाली, गेली असं नाही म्हणणार. कार्डांतही खोट आहे. सात-आठ कार्डं घरच्या माणसांवरच आहेत, आणि घरची गोष्ट काढली की वर्गातलं एखादं मूल गप्प होतं. ती मी बाजूला काढली. ज्याला बोलायचं नसेल त्याने कार्ड पुढे सरकवायचं, हा नियमही आमचाच. पुस्तिकेत तशी सोय नाही.

पाचपैकी अडीच, तेही सगळे कार्डांचे. कार्डं सुटी मिळत नाहीत, त्यामुळे चाळीस वह्या गळ्यात पडतातच. मागची पानं कोरी आहेत, गणिताच्या कच्च्या कामाला बरी पडतात. तिसरी खिडकी अजून अडकते. संध्याकाळी तिला खांदा लावायला सध्या सहाजण भांडतात.