मोनोफोकल, ट्रायफोकल की ईडॉफ? मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा आमच्या घरातला अनुभव

मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यात कृत्रिम लेन्स बसवतात. आमच्या घरात आता तशा तीन प्रकारच्या लेन्स आहेत. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोनोफोकल (एकाच अंतराची), ह्यांच्या डोळ्यांत ट्रायफोकल (तीन अंतरांची) आणि जाऊबाईंच्या डोळ्यांत ईडॉफ (लांबपासून मधल्या अंतरापर्यंत सलग दाखवणारी). तिघांचीही ऑपरेशनं होऊन बरेच महिने झालेत, थेंब बंद झालेत, नंबर स्थिरावलाय. सुरुवातीला सगळ्यांनाच लख्ख दिसतं, पांढरं पातळ खरंच पांढरं दिसायला लागतं. पण तो आनंद मोतीबिंदू निघाल्याचा असतो. लेन्स कशी आहे ते रोजच्या कामाला लागल्यावर कळतं.

मी घरी शिलाईकाम करते. ब्लाउज, फॉल-बीडिंग, हुक-काजं. माझा मायनस नंबर लहानपणापासूनचा, त्यामुळे चष्मा काढून सुई ओवायची सवय. मोनोफोकलचा फोकस एकाच अंतरावर असतो आणि बहुतेकांना तो लांबचा ठेवतात. माझाही तसाच ठेवला असता, तर आयुष्यभर चष्म्याविना दिसलेलं हातातलं काम चष्म्याविना दिसेनासं झालं असतं. डॉक्टरांनी हे आधीच समजावून सांगितलं आणि मुद्दाम अडीचच्या आसपास मायनस नंबर शिल्लक ठेवला, म्हणजे फोकस साधारण ४० सेंटीमीटरवर. आज काळ्या कापडावरची काळ्या दोऱ्याची तुरपाई मला रात्री ट्यूबलाइटखाली दिसते, टाका न् टाका. तांदूळ निवडणं, पेपर, मोबाइल, सगळं बिनचष्म्याचं. टीव्हीला आणि बाहेर जाताना चष्मा लावते.

“एवढं ऑपरेशन करून चष्मा राहिलाच?” असं अजून लोक विचारतात. राहिला, आणि तो मी मागून घेतलाय. मोनोफोकल स्वस्त म्हणून कमी प्रतीची, हा समज डोक्यातून काढून टाका. १९४९ साली लंडनमध्ये डॉ. हॅरल्ड रिडले यांनी माणसाच्या डोळ्यात पहिली लेन्स बसवली, तीही एकाच फोकसची होती. आपल्याकडे १९९२ पासून मदुराईची ऑरोलॅब लेन्स बनवू लागली आणि गरिबालाही परवडेल अशा किमतीत ती मिळू लागली. डोळ्यात येणारा सगळा प्रकाश एकाच फोकसला मिळतो, म्हणून तिचं चित्र ठसठशीत असतं.

ह्यांना मात्र चष्मा नकोच होता. ट्रायफोकल लेन्स प्रकाश वाटून देते: लांब, साधारण ६० सेंटीमीटर आणि ४० सेंटीमीटरच्या आसपास. दिवसा त्यांना कशालाही चष्मा लागत नाही, आणि हे मी रोज बघते म्हणून खात्रीनं सांगते. अडचण रात्रीची. समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याभोवती त्यांना एकात एक अशी वर्तुळं दिसतात. सुरुवातीला त्यांनी अंधार पडल्यावर हायवेला गाडी चालवणंच सोडलं होतं. मेंदूला सवय व्हायला काही महिने लागतात असं डॉक्टर म्हणाले होते आणि तसंच झालं. वर्तुळं गेली नाहीत, पण आता त्यांचा त्रास वाटत नाही. कमी उजेडात अजून अडतं. गोळ्यांच्या चंदेरी पाकिटावरची तारीख संध्याकाळी वाचायची तर मोबाइलची बॅटरी लावावी लागते. तीच पट्टी मी हातात घेतली की तशीच वाचते.

जाऊबाई पतसंस्थेत आहेत, दिवसभर कॉम्प्युटर. ईडॉफनं त्यांना लांबचं आणि स्क्रीनवरचं उत्तम दिसतं, रात्रीची वर्तुळं जवळजवळ नाहीत. बारीक अक्षराला आणि निवडण्या-टिपण्याला प्लस एक नंबरचा चष्मा लावतात. नोकरी करणाऱ्या माणसाला ही मधली वाट मला सगळ्यांत सोयीची वाटते.

तेव्हा लेन्सची किंमत विचारण्याआधी घरी टेप घेऊन बसा. सुई, पुस्तक, स्क्रीन डोळ्यांपासून किती लांब धरता ते मोजा आणि ते आकडे डॉक्टरांना सांगा. रात्री गाडी चालवत असाल तर तेही सांगा. मधुमेहामुळे पडद्यावर परिणाम झाला असेल किंवा काचबिंदू असेल, तर ट्रायफोकलचा हट्ट धरू नका. तिथे नजरेचा ठसठशीतपणा आधीच कमी झालेला असतो, प्रकाश वाटला गेला की तो आणखी कमी होतो. सिलिंड्रिकल नंबर जास्त असेल तर तो नंबर भरून काढणाऱ्या टोरिक लेन्सबद्दल विचारा. मेडिक्लेमच्या बऱ्याच पॉलिसींत मोतीबिंदूला ठराविक मर्यादा असते, महागड्या लेन्सचा फरक खिशातून जातो. हे आधी लेखी विचारून घ्या.

आणि काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धूसर वाटू लागलं, तर लगेच लेन्सला दोष देऊ नका. लेन्सच्या मागचा पातळ पापुद्रा कधीकधी गढूळ होतो. ह्यांच्या एका डोळ्याला तसं झालं होतं. याग लेझरनं काही मिनिटांत तो मोकळा केला, टाका नाही, पट्टी नाही, आणि दुसऱ्या दिवशी ते नेहमीसारखा पेपर घेऊन बसले.