भित्तिकेच्या अभ्यासासाठी कोणता दंडाणू घ्यावा: ई. कोलाय की बॅसिलस सबटिलिस?

प्रोजेक्टचा विषय 'दंडाणूची पेशीभित्तिका कशी वाढते' असा ठरला, की लगेच जिवाणू निवडायची वेळ येते. ई. कोलाय आणि बॅसिलस सबटिलिस दोन्ही चांगल्या माध्यमात साधारण 20 मिनिटांत दुप्पट होतात. दोघांचीही टोकं जवळपास तशीच राहतात, नवं पेप्टिडोग्लायकन (भित्तिकेचं जाळीसारखं मूळ द्रव्य) मधल्या नळीच्या भिंतीत भरलं जातं. त्यामुळे कुठलाही घेतला तरी चालेल असं वाटतं. पण चालत नाही.

खरा फरक जाडीत आहे. ई. कोलायची भित्तिका जेमतेम काही नॅनोमीटरची, बहुतेक ठिकाणी एकपदरी, आणि तिच्यावर बाह्य पटल. अशा जाळीत नवा धागा ओवायचा तर आधी जुना टाका उसवावा लागतो. भलत्याच जागी उसवलं तर आतल्या दाबाने पेशी फुटते. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी व रेणवीय जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत मंजुला रेड्डी यांच्या गटाने 2012 मध्ये दाखवलं की हे उसवण्याचं काम मेपएस, मेपएम आणि मेपएच ही तीन एन्झाइम्स करतात. तिन्ही एकदम काढली तर पेशी जगत नाही. सबटिलिसची भिंत 30 ते 40 नॅनोमीटर जाड. तिथे नवे थर आतून चढतात, जुने बाहेर सरकतात आणि शेवटी झडून जातात. उसवणं तिथेही लागतंच: लायटीई आणि सीडब्ल्यूएलओ या एन्झाइम्सपैकी एक असलं तर भागतं, दोन्ही गेली तर नाही.

जनुकं काढून बघायची असतील तर मी ई. कोलायच घेईन. पेशीला दंडाचा आकार देणारं एमआरईबी हे प्रथिन त्यात एकच आहे, सबटिलिसमध्ये त्याच कुळातली तीन प्रथिनं. एक काढलं की दुसरं काम सांभाळून घेतं आणि निष्कर्ष धूसर होतो. शिवाय ई. कोलायमध्ये औषधांचा परिणाम डोळ्यांना दिसतो. मेसिलिनॅम हे प्रतिजैविक पीबीपी2 या भित्तिका बांधणाऱ्या एन्झाइमला अडवतं, आणि काही पिढ्यांत दंड आखूड, फुगीर होत गोल होतात. सेफॅलेक्सिन हे प्रतिजैविक विभाजन अडवतं. पेशी मग लांबलचक दोऱ्यांसारख्या वाढत राहतात.

चमकणाऱ्या डी-अमिनो आम्लांनी (नव्या भित्तिकेत गुंफले जाणारे, रंग जोडलेले रेणू) नवी भिंत रंगवायची असेल तर मात्र सबटिलिस उजवा. बाह्य पटल नसल्याने रंगाला आडकाठी नाही. फक्त डीएसीए हे एन्झाइम लावलेला रंग छाटून टाकतं, म्हणून ते जनुक काढलेला वाण मागून घ्या. एमआरईबीचे ठिपके पेशीच्या परिघावरून आडवे फिरतात आणि त्यांना भित्तिकेची बांधणीच पुढे ढकलते, हे 2011 मध्ये सबटिलिसमध्येच ठळकपणे दिसलं. त्याआधी सगळे मळसूत्रासारखी सलग रचना मानत होते. ई. कोलायमधलं तसं एक चित्र तर प्रथिनाला जोडलेल्या चमकत्या टॅगमुळेच उमटलेलं निघालं, तेव्हा टॅग निवडताना घाई नको.

टोकाकडून होणारी वाढच बघायची असेल तर हे दोन्ही सोडा आणि मायकोबॅक्टेरियम स्मेगमॅटिस घ्या. त्यात एमआरईबी नाहीच. पण दुप्पट व्हायला सुमारे तीन तास लागतात, त्या हिशोबाने वेळ राखून ठेवा.

सबटिलिस ठरला तर माध्यमातलं मॅग्नेशियम दर वेळी वहीत लिहा. एमआरईबी काढलेल्या पेशी भरपूर मॅग्नेशियममध्ये जवळजवळ सरळ दंडासारख्या वाढतात. ते कमी झालं की त्याच पेशी फुगतात, वेड्यावाकड्या होतात, आणि दोष जनुकाचा की माध्यमाचा हे मग सांगता येत नाही.