डावीकडचा मोर पुसट का? नव्या कॅमेऱ्याचे आठ महिने

आमचा सोलापुरात चादरी-टॉवेलचा छोटा धंदा. मालाचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचे आणि ऑर्डर घ्यायची. मोबाईलवर चादरीचा लाल रंग फारच भडक यायचा, म्हणून दसऱ्याला नवी पेठेतून २४ मेगापिक्सेलचा मिररलेस कॅमेरा घेतला, सोबत १६-५० मिलिमीटरची किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्याबरोबरच मिळणारी. रंग खरोखर चांगले आले. घरचे खूश.

दिवाळीनंतर नागपूरच्या एका गिऱ्हाईकाने विचारलं, "डाव्या बाजूची वीण विरळ आहे का हो?" मी चिडलो. वीण विरळ नव्हती, फोटोच त्या बाजूला पुसट होता. पण तेव्हा वाटलं, आपलाच हात हलला असेल. ट्रायपॉड आणला, सेल्फ टायमर लावला, तरी तेच. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत अक्षता सोहळ्याचे फोटो काढले, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं उजवीकडे कोरीव आणि डावीकडे धुक्यात. घरच्या फोटोत आत्या डावीकडे उभी होती. "मलाच बरी पुसून टाकलीस," म्हणाली.

मग एका रविवारी मोराच्या नक्षीची चादर भिंतीवर ताणून खिळ्यांनी ठोकली. सोलापूरकराला याहून चांगला टेस्ट चार्ट कुठला! दोन टोकांना दोन मोर, मधे फोकस. डावा मोर पुसट. लेन्सचं छिद्र लहान करून, एफ ८ वर, थोडा सुधारला, उजव्याच्या बरोबरीला आला नाही. आता शंका अशी की कॅमेरा भिंतीला समांतर नसेल तरी एक बाजू फोकसबाहेर जाते. म्हणून ट्रायपॉड तिथेच ठेवून कॅमेरा उलटा बसवला. समांतरतेची चूक असती तर तोच मोर पुसट राहिला असता. इथे पुसटपणा कॅमेऱ्याबरोबर फिरला आणि उजवा मोर गेला. म्हणजे लेन्समधलं एखादं भिंग जागेवरून सरकलेलं किंवा तिरकं बसलेलं, कारखान्यातूनच.

दुकानदार म्हणाला, "सॉफ्टवेअर अपडेट करा." भिंग सॉफ्टवेअरने सरळ होत असतं तर काय हवं होतं! फेब्रुवारीत हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. पंधरा दिवसांनी कॅमेरा परत आला, कागदावर एकच ओळ: "तपासले, मापदंडात बसते." कोणता मापदंड, ते कोणी सांगेना.

दुसऱ्या खेपेला तोंडी काही बोललो नाही. सुलट-उलट दोन्ही फोटोंचे मोठे प्रिंट, बिल आणि आधीच्या जॉबशीटची झेरॉक्स पुढे ठेवली. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली होती, तो क्रमांकही लिहून दिला. यातलं नेमकं काय लागू पडलं, देव जाणे. काउंटरवरच्या मुलाने प्रिंट आत नेले, आणि एप्रिलमध्ये वॉरंटीत लेन्स बदलून मिळाली. चादर पुन्हा ठोकली. दोन्ही मोर सारखे!

बाकी कॅमेरा चांगला आहे. बॅटरी मात्र लवकर संपते, आणि मे महिन्यात गच्चीवर व्हिडिओ काढताना गरम होऊन बंद पडला. तेव्हा माझीही अवस्था वेगळी नव्हती.

नागपूरच्या गिऱ्हाईकाला नवा फोटो पाठवला. वीण आता ठीक दिसते म्हणाला, आणि भाव कमी करायला सांगितला.